ताट्या बदलायचा रविवार

[दृश्य: गच्चीचा कोपरा. ताडपत्रीखाली पत्र्याचा कूलर. ताडपत्रीवर कडुनिंबाची वाळकी पानं.]

चौकात होळीची राख अजून तशीच पडलेली असते, आणि नागपूरच्या गच्च्यांवरून एक आवाज सुरू होतो. पत्रा फरशीवर घासल्याचा. करर्र. दात आंबतात त्याने. आज शेजाऱ्यांकडून, उद्या मागच्या गल्लीतून. कूलर बाहेर निघाले.

घर आवरायचं ते दिवाळीला, असं सगळा महाराष्ट्र मानतो. आम्हीही मानतो, पण नागपुरात खरी उलथापालथ मार्चमध्ये होते. रजया आणि स्वेटर कडुनिंबाचा पाला घालून दिवाणात जातात. पंख्याच्या पात्यावर उशीचा जुना अभ्रा चढवून ओढला की हिवाळाभराची धूळ अभ्र्यात, गादीवर कणही नाही. गच्चीवर चुना मारायचा, त्यात थोडा फेव्हिकॉल, म्हणजे पहिल्याच वळवाच्या सरीत तो वाहून जात नाही. ही सगळी कामं इकडे-तिकडे करता करता होतात. कूलर मात्र अख्खा रविवार खातो.

[दृश्य: ताडपत्री निघते. टाकीचा तळ जवळून.]

मागच्या वर्षी आमच्या घरी आळस झाला. मृगाचा पाऊस आला, कूलरची हवा चिकट लागायला लागली, तेव्हा बटण बंद केलं आणि त्याला तसाच गच्चीवर नेऊन ठेवला. तळाशी चार बोटं पाणी होतं, ते तिथेच आटलं. या मार्चमध्ये टाकीला खालून बोट लावलं तर पत्रा पापडासारखा तुटला.

मिस्त्रीने आधी टाकीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"पाणी काऊन नाही काढलं होतं जी?"

आम्ही गप्प. त्याने तारेच्या ब्रशने गंज खरवडला, एम-सील मळून भोकात बसवलं आणि ते कडक झाल्यावर आतून डांबराचा हात दिला. "एवढा उन्हाळा निघून जाईन," म्हणाला, "पुढच्या वर्षी नवा तळ लावा लागते."

[दृश्य: जाळीच्या चौकटीतून जुनं गवत निघतं आहे. कडक, पांढुरकं.]

मग ताट्या. कूलरच्या तीन बाजूंना जाळीच्या चौकटीत जे गवत भरलेलं असतं, ती ताटी. गेल्या वर्षीची ताटी हाताने दाबली तर कडकड वाजते. उन्हाळाभर तिच्यावरून पाणी वाहिलं, सुकलं, पुन्हा वाहिलं. पाणी उडून गेलं आणि त्यातले क्षार मागे राहिले, म्हणून हा पांढरा थर. अशा ताटीत पाणी पसरत नाही, एका बाजूने ओघळ धरून खाली येतं. बाकीची ताटी कोरडी राहते आणि त्या कोरड्या भागातून बाहेरची गरम हवा सरळ घरात शिरते. अशा वेळी लोक मोटरला दोष देतात. मोटर बिचारी ठीक असते.

बाजारात स्वस्त ताटी मिळते ती लाकडाच्या कुरळ्या सालपटांची. खरी खस म्हणजे वाळा, एका गवताची मुळं. ती महाग, पण पाणी पडताच घरभर जो वास सुटतो, त्याचे पैसे वेगळे काढावेत असा. आमची आई एकाच ताटीला खस लावते, पलंगाकडच्या. हिशेब चोख आहे तिचा.

नवी ताटी बसवण्याआधी मिस्त्री ती उन्हाकडे धरतो. जिथून ऊन आरपार दिसतं, तिथे आणखी एक मूठ गवत कोंबतो आणि वरून सुतळीचा टाका. "इथूनच लू येते," म्हणतो.

[दृश्य: स्वयंपाकघराच्या ओट्यावर नवा माठ, बाहेरून पाझरलेला.]

कूलरमधलं शास्त्र माठातलंच. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. विजेच्या मीटरवर मोजली तर दोन-तृतीयांश युनिट. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी झपाट्याने उडतं, आणि मे महिन्यातल्या दुपारी नागपूरची हवा कोरडी ठणठणीत असते. बाहेर 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या ताटीतून येणारी हवा 28 ते 30 अंशांपर्यंत उतरते. मुंबईच्या पाहुण्यांना हे खरं वाटत नाही. त्यांच्या दमट हवेत कूलर म्हणजे नुसता ओला पंखा.

इथला पारा 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांवर गेला होता. 2024च्या मे अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान विभागाने पुढे केला. पण मधल्या दिवसांत आमच्या गल्लीत एकालाही तो आकडा खोटा वाटला नव्हता.

आणखी एक गोष्ट घरोघरी चुकते. कूलर लावला की लोक सगळी दारं-खिडक्या घट्ट लावतात. ओली हवा आत कोंडते, अंग चिकचिकतं, तासाभरात कूलर "काम करेनासा" होतो. समोरची एक खिडकी चार बोटं उघडी हवी. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते.

[दृश्य: तीन पिनांचा प्लग. मिस्त्रीच्या हातात टेस्टर.]

इथे मिस्त्रीचा आवाज बदलतो. पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, लहान मुलंही. मी सातवीत असताना कूलरला पाठ टेकली होती. नुसत्या झिणझिण्या आल्या, पण त्या अजून आठवतात. म्हणून आमच्याकडे आधी अर्थिंग तपासलं जातं, मग बाकीचं. पाणी भरताना बटण बंद केलं तरी पुरत नाही, प्लग काढून हातात घ्यायचा. गळतीचा करंट लागताच वीज तोडणारा ब्रेकर घरात असेल तर उत्तम. कूलरच्या किमतीपुढे तो फार महाग नाही.

[दृश्य: काथ्याने टाकी घासली जाते. पाण्याच्या रेषेवरची कड जवळून.]

टाकीची ही कड नीट पाहा. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवून. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडूनही काही महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करा म्हणतात, ते याच हिशेबाने. पण नुसतं पाणी काढून उपयोग नाही. घासावं लागतं.

[दृश्य: संध्याकाळ. कूलर खिडकीत, स्टँडवर.]

आता पाणी. बादल्या गच्चीवरच्या टाकीतून, चार भरून होतात, पाचवी अर्धी. एम-सीलच्या जागेकडे सगळ्यांचे डोळे. गळत नाही. पंप घुर्र करतो, नळीतून आधी हवा, मग बुडबुडे, मग पाणी. नव्या ताटीतून पहिलं पाणी चहाच्या रंगाचं उतरतं. ते काढून टाकायचं, दुसरं भरायचं.

पंखा सुरू होतो. पहिल्या झोतात गवताचा चुरा सगळ्यांच्या तोंडावर. आई पदराने डोळे पुसत पलंगावर बसते, बरोबर खसच्या ताटीसमोर. वास येतो.

मिस्त्री पाना-पक्कड पिशवीत टाकतो. त्याचा फोन केव्हाचा वाजतो आहे.

"हो जी काकू, येऊनच राहिलो. जुन्या ताट्या तेवढ्या काढून ठेवा."