क्लॅनचं आडनाव आहे, मग जमिनीच्या दप्तरात पूर्वज का सापडत नाही?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओपासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, विशेषतः ज्यांचं सासर स्कॉटिश आहे त्यांच्याकडून. "आडनाव फ्रेझर, मूळ गाव इन्व्हर्नेसकडचं, मग जमिनीच्या नोंदींत पूर्वज का दिसत नाहीत?" फ्रेझर हे स्कॉटलंडमधल्या एका क्लॅनचं, म्हणजे एका प्रमुखाला मानणाऱ्या घराण्यांच्या समूहाचं, नाव.

प्राथमिक गोष्टी भराभर सांगते. जन्म, लग्नं आणि १८४१ पासूनची खानेसुमारी 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर आहे. जमिनीचं मुख्य दप्तर म्हणजे रजिस्टर ऑफ सेझिन्स, १६१७ पासूनचं. ते एडिंबरात आहे. १७८१ पासूनचे छापील गोषवारे आहेत, तिथूनच सुरुवात करा.

आता खरी मेख ऐका. सेझिन म्हणजे जमीन ताब्यात दिल्याची नोंद. पूर्वी त्या जमिनीवरच उभं राहून, साक्षीदारांसमोर, माती आणि दगड नव्या मालकाच्या नाहीतर त्याच्या मुखत्याराच्या हातात देत आणि नोटरी ते लिहून घेई. मालकाच्या हातात, कसणाऱ्याच्या नाही! आणि हायलंड्समधली, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली, बहुतेक माणसं दुसऱ्याची जमीन कसणारीच होती. आपल्या सातबाऱ्यावर मालकाबरोबर कुळाचं नाव तरी येतं, सेझिनमध्ये ते सहसा नसतंच. म्हणून पूर्वजाला शोधू नका, त्याच्या जमीनदाराला शोधा.

एकांनी कमेंटमध्ये लिहिलंय, "आम्ही क्लॅनप्रमुखाचेच वंशज, तसं प्रमाणपत्र घेतलंय." अशी प्रमाणपत्रं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. माणूस हौसेनं पैसे मोजतो आणि त्यात त्याच्या घराण्याचा एकही कागद नसतो. प्रमुखाच्या जमिनीवर राहणाऱ्या कितीतरी घरांनी त्याचं आडनाव लावलं. रक्ताचं नातं असेलच असं नाही. हां, पूर्वज खरोखर जमीनदार असेल तर वारसांच्या नोंदी बघा, त्यांना सर्व्हिसेस ऑफ एअर्स म्हणतात. १८६८ पर्यंत तिथे जमीन मृत्युपत्रानं देताच येत नव्हती, त्यामुळे मृत्युपत्रात ती शोधणं व्यर्थ.

बाकीच्यांनी वाडी धरा. खानेसुमारीत वाडीचं नाव मिळालं की १८५५ पासूनचे व्हॅल्युएशन रोल, म्हणजे मालमत्तेच्या मूल्यांकनाच्या याद्या, उघडा. त्यात मालक, भाडेकरू, राहणारा असे रकाने आहेत. मालक कळला की त्याच्या इस्टेटीच्या खंडाच्या वह्या गाठा. माझ्या सासूबाईंच्या माहेरचं असंच झालं. आडनावावरून काही हाती लागेना. वाडीच्या मालकावरून गेलो, तर वहीत एका विधवेचं नाव, पुढे खंड आणि शेजारी थकबाकी. नाव तिच्या माहेरच्या आडनावानं होतं. स्कॉटलंडच्या दप्तरात बायका सर्रास अशाच सापडतात, हे लक्षात ठेवा.

आता फ्रेझरवाल्यांनो, तुमच्याकडे येते. १७४५ मध्ये स्ट्युअर्ट घराण्याला गादी परत मिळावी म्हणून झालेल्या बंडानंतर लोव्हॅटच्या फ्रेझर प्रमुखाचा १७४७ मध्ये लंडनला शिरच्छेद झाला आणि त्याची इस्टेट सरकारजमा झाली. १७५२ च्या कायद्यानं अशा १३ इस्टेटी कायमच्या राजसत्तेच्या ताब्यात घेतल्या, त्यात ही होती. मग सरकारी कारभारी हिशेब लिहू लागले: कुळं कोण, खंड किती. १७५५ मध्ये या इस्टेटींची पाहणी झाली, त्यात घरातली माणसं आणि गुरंसुद्धा नोंदली. प्रमुखाची जमीन गेली म्हणून तुमच्या साध्या शेतकरी पूर्वजाचं नाव कागदावर आलं! पण ते सापडतं लोव्हॅट इस्टेटीच्या कागदांत. पुन्हा तेच, आधी जमीनदार.

मॅकग्रेगर आडनावाच्या मंडळींसाठी आणखी एक. १६०३ मध्ये या नावावरच बंदी आली आणि मधली काही वर्षं सोडली तर १७७४ पर्यंत राहिली. तेव्हा कोणी कॅम्पबेल झालं, कोणी ड्रमंड, कोणी मरी. त्या काळातल्या खंडाच्या वहीत मॅकग्रेगर शोधत बसू नका. त्याच वाडीत नंतर मॅकग्रेगर दिसले, तर आधीचे ड्रमंड कोण होते ते तपासा.