माठ पाझरस

मे महिना. धुळे जिल्हा, पांझरेचा काठ. पारा ४२ च्या पुढं गेलेला. निंबाच्या सावलीत घडवंचीवर माठ, भोवती ओलं गोणपाट.

माठाची गोष्ट या चिखलापासून सुरू होते. चाळलेल्या मातीत लीद आणि भुसा कालवलाय. कुंभारकाका पायानं तुडवतायत. माती लोण्यासारखी होईपर्यंत थांबायचं नाही. चाकावर गळा आकाराला येतो, पोट मात्र हातानंच वाढवायचं: आतून दगडी गोटा, बाहेरून लाकडी थापी. ही टकटक ऐका. प्रत्येक ठोक्याला भिंत पातळ होते. मग भट्टीत लीद-भुसा जळून जातो आणि त्यांच्या जागी बारीक छिद्रं उरतात.

काका अहिराणीत म्हणतात, "माठ पाझरस म्हनीसन पानी थंड र्‍हास."

अगदी बरोबर. छिद्रांतून पाझरलेलं पाणी बाहेर वाफ होऊन उडतं आणि आतलं गार होतं. पुस्तकात याला बाष्पनजन्य शीतकरण म्हणतात, आणि तिथंच मुलं पान उलटतात. त्यांना आधी ही ओल दाखवायला हवी.

पाण्याचे रेणू सगळे एका वेगानं पळत नाहीत. काही रेंगाळतात, काही सुसाट. तापमान म्हणजे या धावपळीची सरासरी. वाफ होऊन निसटतात ते बहुतेक सुसाटच. शंकरपटाच्या शर्यतीतून सगळ्यात चपळ बैलजोड्या काढून घ्या, उरलेल्यांची सरासरी आपोआप उतरते. पाव लिटर पाणी उडताना जवळपास ६ लाख ज्यूल उष्णता नेतं. १० लिटर पाणी १४ अंशांनी उतरवायला तेवढी पुरते. बाहेरची धग आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात उतार कमी. इथली कोरडी हवा वाफ पटकन घेते. मुंबईच्या दमट हवेत हाच माठ मंदावतो.

हीच युक्ती १९९५ साली अमेरिकेतल्या बोल्डरमध्ये वापरली गेली. एरिक कॉर्नेल आणि कार्ल वाइमन या शास्त्रज्ञांनी रुबिडियम या धातूचे अणू आधी लेसरनं गार केले, मग चुंबकी सापळ्यात धरून त्यातले सुसाट अणू निसटू दिले. उरलेले निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही त्या टोकापासून, अंशाच्या दहा लाखाव्या भागाहूनही जवळ पोचले, आणि हजारो अणू एकाच लाटेसारखे वागू लागले. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या गणितावरून आइनस्टाइननं सांगितलेली अवस्था ती हीच. २००१ साली कॉर्नेल आणि वाइमन यांना नोबेल मिळालं.

घरोघरी फ्रिज आले. या कुंभारवाड्यात आता एकच चाक फिरतं.

काकांनी गोणपाटावर पाण्याचा हबका मारलाय. निंबाची पानं हलतायत. वारा सुटलाय.