पिवळं आभाळ

[दृश्य: कपाटातला एक कप्पा. एकाच चित्रपटाच्या पाच डिस्क, पाच वेगळी कव्हरं.]

एकच सिनेमा. तेच तीन बंदूकबाज, तेच पुरलेलं सोनं, तेच कबरस्तान. मग पाच डबे कशाला? संग्राहकाच्या घरी हा प्रश्न दर दिवाळीला, कपाट आवरताना निघतोच. सिनेमा आहे सर्जिओ लिओने यांचा ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’, आणि खरं उत्तर असं की या पाचातले कोणतेही दोन डबे एकसारखे नाहीत.

[दृश्य: स्पेनमधलं रखरखीत माळरान. वारा.]

गोष्ट अमेरिकेच्या यादवी युद्धातली, पण चित्रीकरण १९६६ साली स्पेनमध्ये झालं. बजेट बेताचं. म्हणून वापरली टेक्निस्कोप ही चित्रीकरणाची स्वस्त पद्धत. एरवी ३५ मिलिमीटर फिल्मवर एक फ्रेम कडेच्या चार छिद्रांइतकी उंच असते, इथे दोनच. म्हणजे निम्म्या फिल्ममध्ये काम भागतं आणि पडदा तरी ऐसपैस रुंद मिळतो. फुकट मात्र काहीच नाही. निगेटिव्हचं क्षेत्रफळ घटलं, की पडद्यावर दाणा, म्हणजे फिल्मचे बारीक ठिपके, ठळक होतो. हा दाणा म्हणजे घाण नव्हे, ती चित्राची कातडी आहे. डिस्क काढणाऱ्याने तो संगणकावर घासून पुसला, की उन्हाने रापलेले ते चेहरे मेणाचे दिसू लागतात. क्लिंट ईस्टवूडच्या गालावरचे खुंट गेले तर मग उरलं काय?

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्र. डबिंगचा माईक.]

आता आवाज. सेटवर कुणी इंग्रजी बोलायचं, कुणी इटालियन, कुणी स्पॅनिश. सगळं नंतर डब झालं. इटलीत सिनेमा डिसेंबर १९६६ मध्ये लागला, तीन तासांच्या आसपास. अमेरिकेत वर्षभराने आला तो १६१ मिनिटांचा. कापलेल्या प्रसंगांना इंग्रजी आवाज मिळालाच नव्हता. २००३ च्या विस्तारित आवृत्तीसाठी तो नव्याने भरायचं ठरलं. माईकसमोर उभे राहिले सत्तरी ओलांडलेले ईस्टवूड आणि तिघांतला टुको झालेले, सत्त्याऐंशी वर्षांचे ईलाय वॉलक. तिसरे बंदूकबाज ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेले होते, त्यांच्या जागी दुसरा कलाकार बोलला. पडद्यावर पन्नाशीचा टुको आणि गळा नव्वदीकडे झुकलेला! ऐकताना मन भरून येतं, हे कबूल. पण कथेतून आपण बाहेर फेकले जातो, हेही तितकंच खरं. त्यात गुहेतला एक प्रसंग असा, की तो खुद्द लिओनेंनीच रोमच्या पहिल्या खेळानंतर काढून टाकला होता. दिग्दर्शकाने काढलेलं आपण परत का घालायचं? निवेदकाचं मत विचाराल तर छोटी आवृत्ती बरी. आणि बंदुकीचा बार मूळच्या मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, ध्वनीतलाच हवा, नंतर भरलेला नको.

[दृश्य: एकच फ्रेम दोनदा, शेजारी शेजारी. डावीकडे निळं आभाळ, उजवीकडे हळद सांडल्यासारखं.]

खरी ठिणगी पडली २०१४ मध्ये. इटलीतल्या बोलोन्याच्या ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेतून नवं ४के, म्हणजे अतिशय बारीक तपशिलाचं, पुनरुज्जीवन आलं. तपशील असा, की कपड्याचा धागा मोजावा. पण सगळा सिनेमा पिवळा! ढग पिवळे, पांढरे सदरे पिवळे. संग्राहकांनी जुन्या प्रिंटच्या फ्रेम शेजारी लावून भांडण मांडलं. निवाडा कोण करणार? लिओने १९८९ मध्येच गेलेले, छायालेखक तोनिनो देल्ली कोल्ली २००५ मध्ये. साक्षीदार उरल्या त्या टेक्निकलरच्या जुन्या प्रिंट. त्यांत रंग थेट छापलेले असायचे, म्हणून ते सहसा विटत नसत. २०१७ मध्ये किनो लॉर्बर या कंपनीने तेच स्कॅन घेऊन पिवळा उतरवला. २०२१ मध्ये त्यांचीच ४के डिस्क आली, छोट्या आवृत्तीची. म्हणजे कपाटात आणखी एक डबा.

[दृश्य: बोलोन्याचा पियात्झा माज्जोरे चौक, रात्र, उघड्यावरचा मोठा पडदा.]

बोलोन्याचं नाव आपल्याकडेही आता ओळखीचं झालंय. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या पुढाकाराने ‘शोले’चं पुनरुज्जीवन झालं. जून २०२५ मध्ये तो याच चौकात दाखवला गेला, ठाकूर गब्बरला संपवतो त्या मूळ शेवटासह. मग खरा ‘शोले’ कोणता? जो सेन्सॉरआधी चित्रित झाला तो, की आपल्या आईवडिलांनी १९७५ साली थिएटरात पाहिला तो? भांडण तेच, गाव दुसरं.

[दृश्य: गोल दगडी अंगण, भोवती हजारो कबरी.]

स्पेनच्या बुर्गोस प्रांतातलं हे सॅड हिल. स्पॅनिश सैनिकांनी लिओनेंच्या सिनेमासाठी उभारलेलं खोटं कबरस्तान. पुढे गवताखाली गडप झालं. २०१५ पासून स्वयंसेवकांनी फावडी-कुदळी घेऊन मधलं दगडी वर्तुळ मोकळं केलं, कबरी पुन्हा रचल्या. दगड कुठे होते, हे त्यांनी ताडलं ते सिनेमाच्याच फ्रेम थांबवून पाहून.

[दृश्य: रिमोटवरचा अंगठा. टुको कबरींमधून धावतोय. फ्रेम थांबते.]

इथे थांबवा. आभाळ बघा.

[पडदा काही क्षण तसाच. निवेदन नाही. फक्त वारा.]