चिपटंभर लव्हाळा

(पुण्यातल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. अध्यक्षांनी माझी ओळख 'वृक्षप्रेमी' म्हणून करून दिली. मी पस्तीस वर्षं अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे वृक्षांपेक्षा मला जर्नलमधल्या चुकीच्या आकृत्याच जास्त आठवतात. असो. पत्रिकेवर विषय छापलाय, 'शहरातल्या बागा आणि मुलांना उन्हाळी काम'. पुढे कुणीतरी आपल्या मनाने कंसात 'श्रमदान' घातलंय. तो शब्द माझा नाही. माझं भांडणच त्या शब्दाशी आहे आणि ते चाळीस मिनिटांत उरकायचंय.

तर 1978 सालचा उन्हाळा. माझी दहावीची परीक्षा संपलेली. वडिलांचं म्हणणं, टायपिंगचा क्लास लाव. तेव्हा सुट्टी म्हटलं की टायपिंग. इथे बसलेल्या अर्ध्या लोकांची बोटं अजून त्या तालावर चालत असतील. (हशा) मला काही तो खडखडाट सोसला नसता. आमच्या वाड्याजवळच एक बाग होती. नाव सांगत नाही, तुम्ही सगळ्यांनी तिथे भेळ खाल्लेली आहे. तिथले माळी, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, त्यांना सुट्टीपुरती चार पोरं हवी होती. मी, माझा चुलतभाऊ आणि वाड्यातली आणखी दोघं गेलो. काम एकच, हिरवळीतला लव्हाळा काढायचा. भाव घमेल्यामागे चार आणे.

लव्हाळा तुम्हाला माहीत आहे. महापुरात वाचतो म्हणून आपण लहानपणापासून त्याचं कौतुक ऐकत आलो. कौतुक करणाऱ्यांना हिरवळ राखायची नव्हती, एवढंच मी म्हणेन. पाण्याची जमीन म्हणजे त्याचं माहेर. आता सारसबाग घ्या. माझी बाग ती नव्हे, पण उदाहरण चांगलं आहे. तिथे पेशवाईत तळं होतं. गणपती अजूनही 'तळ्यातला'च आहे. अशा जमिनीत लव्हाळा हरळीच्या मांडीला मांडी लावून बसतो.

पहिल्या दिवशी मी दुपारपर्यंत सहा घमेली भरली. मनात हिशोब केला, दीड रुपया. तात्या आले, घमेलं उचललं आणि सगळं जमिनीवर उपडं केलं. हाताने चाचपलं आणि म्हणाले, "पोरी, ही तर हजामत झाली." एक पैसा दिला नाही. चुलतभाऊ चिडला, आम्ही उन्हात बसलो होतो म्हणाला. तात्या म्हणाले, "उन्हात तर म्हशीबी बसतात."

मी रडले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी मात्र तात्यांनी खुरपं हातात धरून दाखवलं. आदल्या संध्याकाळी जागा भिजवून ठेवलेली. खुरपं पातीला न लावता चार बोटं लांब, तिरपं खुपसायचं, माती हलवायची आणि मग पात अलगद ओढायची. खाली काळपट गाठ येते. तिच्यापासून दोऱ्यासारखी मुळी निघते, पुढे दुसरी गाठ, मग तिसरी. सगळी माळच. पुढे कॉलेजात कळलं की या माळेत शेंड्याच्या गाठीची बाकीच्यांवर हुकमत असते, ती जिवंत आहे तोवर मागच्या गाठी निजलेल्या असतात. तुम्ही घाईने हिसडा मारलात आणि माळ तुटली की प्रत्येक गाठ मोकळी होते आणि स्वतःचं रोप काढते. म्हणजे सहा घमेली भरून मी बागेत लव्हाळ्याची लागवड केली होती. (हशा) तात्यांना शास्त्र ठाऊक नव्हतं, पण पैसे कशाचे द्यायचे ते ठाऊक होतं. त्यांनी घमेलं बाद केलं आणि घरून धान्य मापायचं छोटं माप, चिपटं, आणलं. चिपटंभर गाठींना आठ आणे. पात्यांचे काही नाहीत.

ही एका मोजमापाची गोष्ट आहे. घमेल्याने मोजलं तर पानं येतात, चिपट्याने मोजलं तर गाठी येतात. पाच आठवड्यांत माझे एकतीस रुपये झाले. त्या गाठी तात्या फरशीवर पसरून मेच्या उन्हात खडखडीत वाळवायचे. वाळली की गाठ मरते. पावसाळ्यात तीच गाठ टाकाल तिथे उगवते. वाळलेला माल ते काष्ठौषधीवाल्याला विकत. हा मोथा, तुमच्या दिवाळीच्या उटण्यातला. त्यात आम्हाला वाटा द्यायला हवा होता असं मला आजही वाटतं, पण तात्या गेले आणि माझं येणंही बुडालं.

आता दुसरी बाग. निवृत्तीनंतर मी एका कार्यालयात अर्ज दिला की सुट्टीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना बागेत पगारी काम द्या. तिथले साहेब दचकले. "मॅडम, ही बालमजुरी झाली." मी कायदा घेऊनच गेले होते. मग म्हणाले, खर्च कोणत्या सदरात टाकायचा? तिसऱ्या खेपेला तोडगा निघाला, श्रमदान. टोपी, प्रमाणपत्र, उपमा आणि केळं.

मी मूर्ख, हो म्हटलं. एका रविवारी साठ मुलं आली. उत्साह काय विचारता! नऊच्या आत त्यांनी झाडांखालचा सगळा पालापाचोळा झाडून, प्लॅस्टिकच्या पोत्यांत भरून, ओळीने मांडून ठेवला. जमीन अशी लख्ख की पंगत बसवावी. तिथले माळी लांब उभे होते. तो पाचोळा त्यांनी आठवडाभर खपून आळ्यांत पसरलेला होता, ओल टिकावी म्हणून. मेमध्ये नव्या झाडाचा जीव त्या आच्छादनावर असतो. पण ते बोलणार कसे? मुलं पाहुणी! प्रमुख पाहुण्यांनी पोत्यांसमोर फोटो काढले. सगळे गेल्यावर माळ्यांनी, मी आणि माझ्या नातीने ती पोती परत ओतली. नातीने विचारलं, "आजी, मग त्यांना सांगितलं का नाही?" आहे उत्तर?

दान नाकारता येत नाही. गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. मजुरीचं काम मात्र उपडं करून चाचपता येतं. ज्याचं काम नापास होऊ शकतं तोच काम शिकतो. तात्यांनी मला दीड रुपया दिला असता तर मी वनस्पतिशास्त्राला गेले नसते, टायपिंगला गेले असते.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे'. दोनदा अधोरेखित. बरं. म्हणजे मूळ विषय आता सुरू करते. (हशा)

कायदा. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालच्या मुलांना काम बंद. 14 ते 18 च्या मुलांना खाणी, ज्वलनशील पदार्थ, धोकादायक प्रक्रिया बंद. बाकी कामं चालतात. सलग तीन तासांवर काम नाही, मध्ये तासाची विश्रांती, आठवड्याची सुट्टी. बागेत औषधफवारणी आणि उंच झाडांची छाटणी त्यांना द्यायचीच नाही. खुरपणी, आळी, रोपवाटिकेत पिशव्या भरणं, खत चाळणं एवढं पुष्कळ आहे. अडचण एकच. याच कायद्यात संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत काम नको असंही आहे. हेतू चांगलाच आहे. पण मे महिन्यात बागेचं काम सहाला सुरू होतं आणि आठला सावली संपते! तेव्हा आठ ते दहा सावलीतली रोपवाटिका, संध्याकाळी पाच ते साडेसहा वाफे असा बेत करता येईल का, हे विश्रांतीची आणि एकूण तासांची कलमं वाचून वकिलाला विचारायचंय. सभागृहात वकील असतील तर चहाला थांबा.

मोसम म्हणाल तर एप्रिल-मे बागेच्या घाईचे दिवस. पावसाआधी खड्डे, खत, रोपं, आणि गाठी वाळवायला ऊन. मुलांची सुट्टी आणि बागेची निकड एकाच वेळी येते, हा योग फुकट घालवतो आपण.

माळ्यांच्या पोटावर पाय यायला नको. मुलं त्यांच्या हाताखाली, त्यांच्या जागी नव्हेत, आणि शिकवण्याचे पैसे माळ्याला वेगळे. मुलंही बंगल्यातली नकोत फक्त. मुंबईत मिठीच्या काठी, धारावीसमोर, कचऱ्याच्या डेपोवर 37 एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं आहे. तिथे रस्ता ओलांडून येणाऱ्या पोराला सुट्टीत काम मिळावं, असं माझं म्हणणं.

परदेशी दाखले लागतात ना? मंदीच्या काळात, 1933 ते 1942, अमेरिकेने लाखो तरुणांना झाडं लावायला नेलं. महिना 30 डॉलर, त्यातले साधारण 25 परस्पर घरी. ती मुलं बहुतेक अठराच्या पुढची. 1970 पासून तिथे 15 ते 18 वयाच्या मुलांसाठीही तशीच पगारी उन्हाळी योजना आहे. पण इतकं लांब कशाला? साताऱ्याला धनिणीच्या बागेत भाऊराव पाटलांचं वसतिगृह होतं. मुलं राबत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' आपण भिंतीवर लिहिलं, त्यातलं 'कमवा' पुसट झालंय.

दुसरी चिठ्ठी. झालं, थांबते.

एक राहिलं. येताना लव्हाळ्याच्या तीन-चार ओल्या गाठी पिशवीत आणल्यात, माळेसकट. ज्यांना बघायच्या त्यांनी चहाच्या टेबलाशी या. पण बघून झालं की माझ्या हातात परत द्या. घरी नेऊन कुंडीत ठेवू नका.