नोबेलची गोळी

नमस्कार श्रोतेहो.

आल्फ्रेड नोबेल हे नाव दर ऑक्टोबरात बातम्यांत येतं. डायनामाइट विकून गडगंज झालेला हा माणूस उतारवयात हृदयाच्या दुखण्यानं बेजार झाला, आणि डॉक्टरांनी त्याला औषध दिलं नायट्रोग्लिसरीन. म्हणजे त्याच्याच डायनामाइटमधला स्फोटक पदार्थ! 1896 च्या ऑक्टोबरात लिहिलेल्या एका पत्रात त्यानं नशिबाच्या या थट्टेची गंमत सांगितली आहे. औषधवाले आणि लोक घाबरू नयेत म्हणून त्याला म्हणे 'ट्रायनिट्रिन' म्हणायचं. पुढे दीड महिन्यानं, 10 डिसेंबरला, इटलीत सान रेमो इथे नोबेल गेला. कशानं? मेंदूत रक्तस्राव होऊन. आपण ज्याला पॅरालिसिसचा झटका म्हणतो, त्यातलाच हा एक प्रकार.

ती गोळी काम कशी करते, हे नोबेलला कळलं नाही, त्याच्या डॉक्टरांनाही नाही. तिच्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. (भूल देताना वापरतात तो नायट्रस ऑक्साइड. तो वेगळा.) हाच वायू आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर रात्रंदिवस स्वतःच तयार करत असतं, हे समजायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

त्याची सुरुवात एका फसलेल्या प्रयोगातून झाली. अमेरिकेत रॉबर्ट फर्शगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर एक रसायन घालून बघत होते. पट्टी कधी आखडायची, कधी सैल पडायची. शेवटी उलगडा झाला तो असा, की पट्टी कापताना आतलं नाजूक अस्तर घासून निघालं असेल तर ती सैल पडत नाही. म्हणजे 'सैल हो' हा निरोप अस्तराकडून येतो. 1980 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे नंतर सिद्ध झालं, आणि 1998 चं वैद्यकाचं पारितोषिक फर्शगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळालं. नोबेलच्याच नावाचं!

आता मेंदूकडे येऊ. वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण प्राणवायू खातो वीस टक्के. एखाद्या वाहिनीत गुठळी अडकली की अस्तरातला नायट्रिक ऑक्साइड आसपासच्या वाहिन्या रुंद करतो, रक्तातल्या चिकट कणिकांना एकमेकींना बिलगू देत नाही. इथवर तो आपला माणूस. पण उपाशी पडलेल्या चेतापेशींत कॅल्शियम घुसतं आणि त्याही हा वायू बनवू लागतात, भरमसाट. त्याच वेळी तिथे फ्री रॅडिकल तयार होत असतात. ज्यांच्यात एखादा इलेक्ट्रॉन जोडीदाराविना राहिलेला असतो, असे हे कण. मिळेल त्याच्याशी झोंबायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांतल्या सुपरऑक्साइडशी नायट्रिक ऑक्साइडची गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट बनतं, आणि ते पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए, काहीच सोडत नाही.

बोस्टनमध्ये 1994 साली चेतापेशींतलं हा वायू बनवणारं एन्झाइम नसलेल्या उंदरांची मेंदूतली वाहिनी अडवून पाहिली. त्यांच्या मेंदूचं नुकसान कमी झालं. दोन वर्षांनी अस्तरातलं एन्झाइम नसलेले उंदीर घेतले, तर नुकसान वाढलं. रेणू तोच, फक्त घर बदललं.

मग साहजिकच वाटलं, फ्री रॅडिकल टिपून घेणारं औषध दिलं की झालं. एनएक्सवाय-059 नावाच्या औषधानं प्राण्यांत छान काम केलं. 2006 मध्ये माणसांवरच्या पहिल्या मोठ्या चाचणीत थोडा फायदा दिसला आणि सगळे हरखले. पुढच्याच वर्षी तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत फायदा शून्य. मला याचं फार नवल वाटत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदराची वाहिनी आपण घड्याळ लावून अडवतो. तो तरुण असतो, त्याला ना बीपी ना शुगर. माणूस मात्र रात्री झोपेत आजारी पडतो, सकाळी उठल्यावर घरच्यांना कळतं. तोवर या रसायनांचा धुडगूस घालून झालेला असतो.

एडाराव्होन हे याच जातीचं औषध जपानमध्ये 2001 पासून पक्षाघातासाठी वापरलं जातं, भारतातही मिळतं. अमेरिकेनं 2017 मध्ये ते मंजूर केलं, पण एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी. आणि 'अँटिऑक्सिडंट' लिहिलेल्या बाटल्या दुकानात दिसतात, त्यांचा या साऱ्याशी संबंध लावू नका. पक्षाघात टाळण्यासाठी त्यांच्यावर पैसे घालवण्यापेक्षा बीपीची गोळी न चुकता घेतलेली बरी.

उलट बाजूनंही करून पाहिलं. वायू कमी करण्याऐवजी बाहेरून द्यायचा, नायट्रोग्लिसरीनची पट्टी कातडीवर चिकटवून. चार हजार रुग्णांच्या चाचणीचा निकाल 2015 मध्ये आला: रक्तदाब उतरला, रुग्ण जिथल्या तिथे. मग ब्रिटनमध्ये ही पट्टी थेट अँब्युलन्समध्येच लावून पाहिली. 2019 च्या त्या निकालातही फायदा नव्हता, आणि ज्यांच्या मेंदूत रक्तस्राव होता त्यांची अवस्था उलट जास्त बिघडलेली दिसली.

हे ऐकून मला आपल्याकडची घरं आठवतात. आजोबांचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली, की कुणीतरी धावत जाऊन कपाटातली सॉर्बिट्रेट आणतं आणि त्यांच्या जिभेखाली ठेवतं. हीसुद्धा नोबेलच्या गोळीची चुलत बहीण. छातीत कळ आली असताना ती कामाची. इथे मात्र रक्तदाब धाडकन उतरला, तर गुठळीपलीकडे कसंबसं पोचणारं रक्तही आटतं. शिवाय आत गुठळी आहे की नोबेलसारखा रक्तस्राव, हे सीटी स्कॅन होईपर्यंत कुणालाही सांगता येत नाही, डॉक्टरलाही नाही. त्यामुळे गोळी डबीतच राहू द्या, तोंडात पाणीही घालू नका, 108 ला फोन लावा आणि आजोबा शेवटचे धडधाकट कधी दिसले होते ती वेळ कागदावर लिहून सोबत घ्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून रुग्णालयात पहिला प्रश्न तोच विचारतात.