दूध, लसूणघास आणि वक्तृत्व: दोन महायुद्धांमधलं डीप स्प्रिंग्ज कॉलेज

[पडद्यावर नकाशा: कॅलिफोर्नियाची पूर्व कड, ओवेन्स व्हॅली, तिच्या पूर्वेला व्हाइट माउंटन्स.]

बिग पाइन हे गाव मागे टाकलं की पूर्वेकडचा रस्ता वेस्टगार्ड खिंड चढू लागतो. खिंड ७,००० फुटांच्या वर आहे. पलीकडे उतरलं की डीप स्प्रिंग्जची दरी लागते. दरी स्वतःच ५,००० फुटांवर. पाऊस जेमतेम, तळाशी खारं तळं. या दरीत गुरांचा एक रँच आहे आणि त्या रँचवर १९१७ पासून एक कॉलेज आहे. विद्यार्थी वीसच्या आसपास, तेव्हा सगळे मुलगेच. मुलींना इथे पहिला प्रवेश मिळाला तो थेट २०१८ मध्ये.

हे ज्युनिअर कॉलेज असलं, तरी आपली अकरावी-बारावी डोळ्यांसमोर आणू नका. अमेरिकेत शाळाच बारा वर्षांची. त्यापुढच्या चार वर्षांच्या पदवीतली पहिली दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात होतात. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ मध्ये हायस्कूलच्या पोटातच असे वर्ग निघाले. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये हायस्कुलांना तशी मुभा दिली आणि १९२१ मध्ये ज्युनिअर कॉलेजांसाठी स्वतंत्र शैक्षणिक जिल्हे करण्याचा कायदा केला. पुढच्या वीस वर्षांत अशी कॉलेजं देशभर झाली. त्यांतला बहुतेक विद्यार्थी घरी राहून शिकणारा. डीप स्प्रिंग्ज मात्र त्या माळेतलं नाही. इथे फी नाही, राहण्या-जेवणाचे पैसे नाहीत. त्याऐवजी रोज निम्मा दिवस अंगमेहनत.

[जुनी छायाचित्रं: लाकडी वीजघर, डोंगरातल्या तारा.]

ही कल्पना ल्युसियन नन यांची. पेशाने वकील, धंद्याने वीज उत्पादक. कोलोरॅडोतल्या टेल्युराइडजवळच्या सोन्याच्या खाणीला कोळशाचा खर्च परवडेना, म्हणून १८९१ मध्ये त्यांनी एम्स इथे नदीच्या पाण्यावर वीजघर उभारलं आणि ३,००० व्होल्टची प्रत्यावर्ती (एसी) वीज डोंगरातून खाणीपर्यंत नेली. असली वीजघरं चालवायला शिकलेली माणसं मिळत नव्हती. मग त्यांनी तरुण पोरं कामावर घेतली आणि कामाच्या जोडीने त्यांना शिकवायला सुरुवात केली. डीप स्प्रिंग्जचं मूळ तिथे आहे. विजेच्या जागी गुरं आली, एवढाच फरक. १९२३ च्या विश्वस्तपत्रात नन यांनी कॉलेजचे लाभार्थी मालक म्हणून विद्यार्थी संघालाच नेमलं. १९२५ मध्ये ते वारले.

मालकी म्हणजे काय, हे पहाटेच्या गोठ्यात कळतं.

[गोठा. कंदिलाच्या उजेडात बादली.]

धारा हातानेच काढायच्या, रोज ठरल्या वेळी, दोन वेळा. आधी कास कोमट पाण्याने धुवून पुसायची. पहिल्या दोन-तीन पिळा वेगळ्या भांड्यात घ्यायच्या. त्यात गुठळी किंवा रक्त दिसलं तर ते दूध स्वयंपाकघरात जात नाही. कास चोळल्यावर मिनिटभरात पान्हा सुटतो आणि काही मिनिटंच टिकतो. सराईत हात तेवढ्यात गाय रिकामी करतो. शहरातून आलेला नवखा मुलगा निम्म्यावर असतानाच पान्हा आटतो. तो मग सड ओढू लागतो, आणि तिथेच चुकतो. सड ओढायचा नसतो. वर अंगठा आणि तर्जनी आवळून दूध कोंडायचं, मग खालची बोटं एकेक करत मिटायची. ओढलं की गाय लाथ झाडते आणि बादली आडवी होते. कासेत दूध शिल्लक राहत गेलं तर गाय लवकर आटते, आणि आत जंतू शिरले असतील तर दगडी (कासेचा दाह) होऊन कास कडक, गरम होते. म्हणजे एकाने आठवडाभर आळस केला तर वीस जणांच्या टेबलावरचं दूध कमी होतं. शिस्तीसाठी वेगळा रेक्टर लागत नाही तो यामुळे.

स्वयंशासन म्हणतात ते हेच. विद्यार्थ्यांची सभा संसदीय पद्धतीने चाले: ठराव, दुरुस्ती, मतदान. टर्म चालू असताना दरी सोडायची नाही आणि दारूला हात लावायचा नाही, हे दोन नियम पाळून घेणं संघाचंच काम. वादही व्हायचेच. वीस मुलं, महिनोन्‌महिने तीच तोंडं, आणि कोण किती काम चुकवतो हे प्रत्येकाला दिसत असतं.

[उन्हाळा. पाट, हिरवं शेत.]

शेतातलं मुख्य पीक लसूणघास. व्हाइट माउंटन्समधून उतरणाऱ्या वायमन ओढ्याच्या पाण्यावर तो वाढतो. या पिकाला दारं धरणं, म्हणजे पाणी देणं, हे फावडं आणि कॅनव्हासचा पडदा घेऊन करायचं काम. पडद्याने पाट अडवून पाणी एका पट्ट्यात सोडायचं. ते पट्ट्याच्या शेवटाला पोचेपर्यंत मात्र थांबायचं नाही. साधारण पाऊण पट्टा भिजला की दारं मोडायचं, म्हणजे पाणी पुढच्या पट्ट्याकडे वळवायचं; उरलेला पाव मागच्या पाण्याने आपोआप भिजतो. इतका हिशेब चुकला तर शेवटाला डबकं साचतं आणि भर उन्हात पाण्यात उभा राहिलेला लसूणघास मुळातून कुजतो. दुसरा वैरी म्हणजे गोफर, जमिनीखाली बोगदे करणारा उंदरासारखा प्राणी. पाणी वरून जाताना दिसतं आणि मध्येच नाहीसं होतं. बीळ शोधून ते ओल्या मातीने ठासून बुजवल्याशिवाय पुढचा पट्टा भिजत नाही.

कापणी पहिली फुलं दिसताच. फूल भरेपर्यंत थांबलं तर काडी जाड आणि राठ होते, गुरं ती टाकून देतात. कापलेला चारा सुकवताना कोकणात भीती पावसाची, इथे भीती कोरड्या हवेची. बहुतेक प्रथिनं पानांत असतात. दुपारी कापलेल्या चाऱ्याच्या ओळी ओढल्या तर करकरीत पानं गळून मातीत जातात आणि गंजीला नुसत्या काड्या उरतात. म्हणून पहाटे, पानं दवाने मऊ असताना ओळी ओढायच्या. चारा तयार झाला का हे पाहण्याची खूण सोपी: काडीवर नख घासायचं. साल सुटली तर आत ओल आहे. तसाच गंजीला लावला तर गंज आतून तापते, बुरशी धरते, कधी स्वतःहून पेटतेही.

हिवाळ्याची सगळी भिस्त या गंजींवर. मांसासाठी पाळलेली गुरं उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणांत असतात आणि थंडीच्या तोंडावर दरीत उतरवली जातात. वासरांना डाग द्यायचा तो लोखंड राखाडी रंगाचं तापल्यावर. लालभडक झालं तर केस पेट घेतात आणि खूण फिसकटते. कातडी ओली असली तरी तेच होतं.

रँचवर पगारी जाणकार असत, पण सगळ्यांत मोठी अडचण त्यांनाही सुटण्यासारखी नव्हती. मुलगा काम शिकून तरबेज होतो आणि कॉलेज सोडून जातो. म्हणजे दरवर्षी गायींना नवे हात, पाटाला नवे डोळे. यावर उपाय एकच: जाणाऱ्याने येणाऱ्याला हाताशी धरून शिकवणं. ते नीट झालं नाही की पुढच्या वर्षीचं दूध आणि चारा त्याची किंमत मोजतात.

आणि अभ्यास? वर्गात मोजकी मुलं. त्यामुळे धडा न वाचता वर्गात आलेला लगेच उघडा पडतो. वक्तृत्व नन यांच्या काळापासून सक्तीचं. सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं आणि मग सवंगड्यांची परखड टीका ऐकून घ्यायची. शरीर थकलेलं असताना संध्याकाळी पुस्तक उघडणं किती जमत असेल, ही शंका रास्त आहे. सगळ्यांना जमलं असं मानायचं कारण नाही.

महामंदीत गुरांचे भाव कोसळले, तेव्हा पैशांची चणचण वाढली. १९३६ ते १९४१ या काळात डीन होते लॉरेन्स किम्प्टन, जे पुढे शिकागो विद्यापीठाचे चॅन्सेलर झाले. त्यांच्याच काळात इथे शिकलेले रॉबर्ट स्प्राउल भौतिकशास्त्रज्ञ झाले आणि नंतर रॉचेस्टर विद्यापीठाचे अध्यक्ष.

[ओवेन्स व्हॅली, दूरवर सिएरा नेवाडा.]

सुरुवातीच्या तुकडीतला ज्युलियन स्टीवर्ड सोळाव्या वर्षी इथे आला. पुढे तो मानववंशशास्त्रज्ञ झाला आणि अभ्यासासाठी परतला तो डोंगरापलीकडच्या ओवेन्स व्हॅलीतल्या पायूट या मूळ अमेरिकन लोकांकडे. १९३० मध्ये त्याने लिहिलं की हे लोक बी पेरत नसत, नांगरत नसत. तरी ओढ्याला बांध घालून, पाट काढून रानात आपोआप उगवणाऱ्या कंदांना आणि गवतांना पाणी देत. माणसाची संस्कृती त्याच्या भोवतालच्या पाण्या-जमिनीशी कशी बांधलेली असते, हाच पुढे त्याच्या कामाचा मुख्य विषय झाला.