मुंबईत घर असताना हॉस्टेल कशाला?

(बारावीनंतरच्या प्रवेशांच्या निमित्ताने मुलुंडमध्ये पालक आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पालक पुढच्या रांगांत बसलेत आणि मुलं मागे, दाराजवळ. म्हणजे विषय बरोबर निवडलाय.

एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलची मी बरीच वर्षं रेक्टर होते. ‘मुंबईत घर असताना हॉस्टेल कशाला?’ हा प्रश्न दर जूनमध्ये माझ्या टेबलासमोर यायचा आणि विचारणारे बहुतेक वेळा बाबा असायचे. मी विचारायचे, घर कुठे? तर बदलापूर. टिटवाळा. नालासोपारा. आता बदलापूर ते सीएसएमटी अंतर आहे ६८ किलोमीटर. पुण्याच्या गाड्या त्याच रुळांवरून जातात, म्हणजे पुण्याच्या वाटेचा एक तृतीयांशाहून जास्त भाग ही मुलगी रोज कापणार आणि संध्याकाळी पुन्हा उलटा कापणार. तरी आपण म्हणायचं, घर मुंबईतच आहे!

जरा हिशोब करू. घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, तिची रांग, गाडीची वाट, गाडीत दीड तास, उतरल्यावर पुन्हा चालणं किंवा बस. दोन तास कुठे गेले कळत नाही. जाऊन-येऊन चार. कॉलेज सहा दिवस असेल तर चोवीस तास. आठवड्यातला एक अख्खा दिवस रेल्वेला दिला. तीन वर्षांच्या पदवीत हे केवढं होतं ते घरी जाऊन मोजा, मी इथे सांगून तुमचा चहा कडू करत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं : गाडीत अभ्यास होतो की! होतो, बसायला मिळालं तर. जिथून गाडी सुटते तिथे चढणाऱ्याला जागा मिळते. डोंबिवलीत सकाळी आठला चढणाऱ्या मुलाला दोन्ही पाय टेकायला मिळाले तरी तो नशीबवान. त्याच्या हातात पुस्तक नसतं, दांडी असते. आणि मोबाइलवरची पीडीएफ वाचतोय असं जे तुम्हाला वाटतं, त्याबद्दल मागच्या रांगेत जरा हसू दिसतंय, म्हणून मी पुढे जाते.

खरी गोम अशी की लोकलचा पास स्वस्त आहे. कॉलेजचा कन्सेशन फॉर्म घेतला की विद्यार्थ्याला तो निम्म्या किमतीत पडतो. हॉस्टेलची फी एकरकमी डोळ्यात भरते आणि पासाचे पैसे किरकोळ वाटतात, म्हणून तुलना तिथेच संपते. तासांची पावती कुणी देत नाही ना!

आता कोर्सचं वेळापत्रक बघा, कारण निम्मं उत्तर तिथेच असतं आणि प्रवेश घेताना ते क्वचितच कुणी मागतं. मुंबईत कॉमर्सच्या कितीतरी कॉलेजांत पहिलं लेक्चर सकाळी सातच्या सुमाराला असतं. लांबून येणाऱ्या मुलाला त्यासाठी साडेचारला उठावं लागतं. वर ७५ टक्के हजेरीचा नियम. नोव्हेंबरात नोटीस बोर्डावर हजेरी कमी असलेल्यांची यादी लागते, त्यात मला नेहमी दिसायची ती आळशी मुलं कमी आणि विरार, कर्जत, कसाऱ्याची मुलं जास्त. इंजिनिअरिंगचं उलट. प्रॅक्टिकल संध्याकाळी सुटतं आणि मूल ऐन गर्दीच्या तोंडी सापडतं. मेडिकलचं तर बोलायलाच नको, केईएम किंवा जेजेसारख्या ठिकाणी वॉर्डातल्या वेळा लोकलच्या टाइमटेबलला विचारून ठरत नाहीत. आयआयटी पवईला मुळात कॅम्पसवर राहूनच शिकायची पद्धत आहे.

पण तास हा अर्धाच भाग. दुसरा अर्धा भाग जागेचा. आपल्याकडे घर म्हणजे वन रूम किचन, नाहीतर चाळीतली दहा बाय बाराची खोली. टीव्ही, आजी, पाहुणे आणि धाकट्याचा क्लास, सगळं एकाच चौकोनात. तिथे अभ्यास कसा होतो, याचं सर्वांत मोठं उदाहरण याच शहरातलं आहे. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब परळला चाळीतल्या एका खोलीत राहायचं. वडील, रामजी सकपाळ, मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आडवे व्हायचे. दोघांना एकाच वेळी पाठ टेकायला जागा नव्हती. हेच बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथे ते लिव्हिंग्स्टन हॉल या विद्यार्थी वसतिगृहात राहिले. सोबत नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी होता. ती मैत्री जन्मभर टिकली. पुढे १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि वर्षभराच्या आत तिने सोलापूरला वसतिगृह काढलं. शाहू महाराजांनी तर १९०१ पासूनच कोल्हापुरात बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली होती. शिक्षण द्यायचं तर आधी निजायला, जेवायला आणि दिवा लावून बसायला जागा द्यावी लागते, हे या माणसांना पक्कं ठाऊक होतं. आपण मात्र हॉस्टेल म्हटलं की पहिल्यांदा ‘मुलगी हाताबाहेर जाईल’ असं म्हणतो.

मुलींचं म्हणून एक वेगळं सांगते. घरी राहणारा मुलगा कॉलेजातून आला की जेवतो. मुलगी आली की आधी पोळ्या लाटते. आई नोकरीवरून सातला येणार, तोवर कुकर लागलेला हवा. यात कुणी दुष्ट नसतं, घरं अशीच चालतात. पण माझ्या हॉस्टेलमध्ये ठाण्याहून, कल्याणहून येऊन राहिलेल्या मुलींचे मार्क दुसऱ्या सत्रात वाढायचे, तेव्हा मेसच्या जेवणाला नावं ठेवता ठेवता त्या एकच गोष्ट सांगायच्या : संध्याकाळ आपली असते. रात्री कुठे भटकायची मोकळीक त्यांना नव्हती. गेट साडेनऊला बंद व्हायचं आणि किल्ली माझ्याकडे असायची!

हॉस्टेलची दुसरी बाजूही मी जवळून पाहिली आहे. तिघींच्या खोलीत एक रात्री दोनपर्यंत फोनवर बोलते, दुसरी पाचला गजर लावते आणि तिसरी रडते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. पहिले दोन महिने घरची इतकी आठवण येते की शुक्रवारी दुपारीच बॅगा भरल्या जातात. रॅगिंगबाबत महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतलं जातं. तो फॉर्म सही ठोकून परत देऊ नका, वाचा, आणि त्यावरचा हेल्पलाइन नंबर मुलाच्या फोनमध्ये सेव्ह करा.

आता पैसे आणि पात्रता. इथे लोक फसतात. मुंबईच्या बऱ्याच कॉलेजांची हॉस्टेलं मुंबई आणि उपनगरातल्या मुलांना जागा देत नाहीत किंवा शेवटी देतात, आधी परगावचे. तेव्हा हो-नाही ठरवण्याआधी माहितीपुस्तिकेत स्थानिक कुणाला म्हटलंय ते बघा. समाजकल्याण खात्याच्या शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये : भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. तीही बाहेरगावहून शिकायला आलेल्यांसाठी आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसील कार्यालयात वेळ लागतो, तो आजच काढायला टाका. गावाकडची भाचे-पुतणे मंडळी असतील तर त्यांनाही कळवा, त्यांना याचा उपयोग तुमच्यापेक्षा जास्त.

हॉस्टेल नाही मिळालं तर मुंबई तुम्हाला कॉट बेसिसवर आणते. एका खोलीत चार खाटा, ११ महिन्यांचा करार, डिपॉझिट, ब्रोकर. या शहराला हे नवीन नाही. गिरणगावात गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोल्यांत एका पाळीचा कामगार उठून गेला की त्याच वळकटीवर दुसऱ्या पाळीचा झोपायचा आणि जेवायला खाणावळ असायची. अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच वर्षी अशा खोलीत पाठवायच्या मी विरुद्ध आहे. हॉस्टेलला निदान रेक्टर असते, कितीही खडूस असली तरी.

आणि मामाकडे ठेवणं? दादरचा मामा हा मराठी घरांचा सर्वांत जुना तोडगा. जेवण घरचं आणि कॉलेज जवळ. पण भाच्याला तिथे पाय पसरून बसता येत नाही, मामीला संध्याकाळी मैत्रिणी बोलावता येत नाहीत आणि कुणीच कुणाला काही बोलत नाही. ठेवायचंच असेल तर महिन्याचे पैसे उघडपणे ठरवा. मामा नको म्हणेल. तरी द्या.

माझं स्वतःचं मत काहींना आवडणार नाही. हॉस्टेल परवडत नसेल किंवा मिळत नसेल आणि कोर्स साधा बीए-बीकॉमचा असेल, तर चर्चगेटच्या नावाचा सोस सोडा. डोंबिवलीला पेंढरकर आहे, कल्याणला बिर्ला, ठाण्यात जोशी-बेडेकर, आणि इथे आपल्या मुलुंडात केळकर-वझे. पदवी मुंबई विद्यापीठाचीच. वाचलेल्या चार तासांत मुलगा सीएची तयारी करेल, नोकरी करेल किंवा नुसता झोपेल. झोपलेलंही चालेल. आणि घरात जागा नसेल तर राहायला घर, अभ्यासाला बाहेर असं करता येतं. जवळच्या वाचनालयात चौकशी करा, बऱ्याच वॉर्डांत अभ्यासिका आहेत. परीक्षेच्या दिवसांत तिथे सकाळी सहाला रांग लागते, तेव्हा नाव आत्ताच घाला.

मात्र प्रयोगशाळेचा, वॉर्डाचा किंवा स्टुडिओचा कोर्स असेल आणि एका बाजूचा प्रवास दीड तासावर जात असेल, तर दागिना मोडावा लागला तरी पहिल्या वर्षी हॉस्टेल बघा. पहिल्या वर्षी मागे पडलेलं मूल पुढे केटी, म्हणजे राहिलेले विषय, सोडवतच बसतं.

एक शेवटची व्यावहारिक गोष्ट, मग प्रश्न घेऊ. हॉस्टेलच्या जूनच्या यादीत नाव आलं नाही म्हणून अर्ज मागे घेऊ नका. प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात, कुणाला दुसरं कॉलेज मिळतं, कुणाला घरची आठवण सहन होत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर खोल्या रिकाम्या होतात आणि त्या वेळी रेक्टर वेटिंग लिस्ट वरून खाली वाचत नाही, जो महिन्यातून एकदा येऊन विचारून जातो त्याचं नाव तिच्या लक्षात असतं. हे नियमात बसत नाही, पण मी तसंच करत होते.